पेन्शन तिकडची, सांभार इकडचा



नोव्हेंबर महिना आला की बँकांपुढे वयस्कर माणसांच्या रांगा दिसू लागतात. हयातीचा दाखला द्यायचा असतो. आपण जिवंत आहोत एवढे वर्षातून एकदा सांगितले की पुढचे बारा महिने पैसे खात्यात येत राहतात. आपल्या धर्मग्रामातही अशी घरे बरीच आहेत. कोणी रेल्वेतून निवृत्त झालेले, कोणी शाळेतून, कोणी दवाखान्यातून. आज आम्ही पेन्शनविषयीच लिहिणार आहोत, पण सुरुवात जरा लांबून, थायलंडपासून करतो. जवळच्या गोष्टीवर एकदम बोट ठेवले की माणूस लगेच स्वतःचा बचाव करू लागतो, हा आमचा अनुभव आहे.

थायलंडमध्ये इंग्लंड, जर्मनी, स्वीडन, अमेरिका अशा देशांतील हजारो निवृत्त माणसे जाऊन राहतात. वयाची पन्नाशी झालेली असली आणि बँकेत ८ लाख बाट ठेव किंवा महिन्याला ६५,००० बाट उत्पन्न दाखवता आले, की तिथले सरकार त्यांना वर्षभर राहण्याची परवानगी देते व दरवर्षी ती वाढवून देते. ६५,००० बाट म्हणजे आपले दीड लाख रुपयांहून जास्त. त्याच देशातल्या साठी उलटलेल्या सामान्य नागरिकाला सरकारकडून म्हातारपणाचा भत्ता मिळतो, त्याची सुरुवात महिना ६०० बाटपासून होते आणि नव्वदी ओलांडली तर तो १,००० बाट होतो. ६०० बाट म्हणजे साधारण दीड हजार रुपये. दोन म्हातारे एकाच गल्लीत राहतात, एकाच दुकानातून तांदूळ आणतात. एकाच्या खिशात दुसऱ्याच्या शंभरपट पैसे असावेत अशी सरकारचीच अट आहे.

या परदेशी माणसाचे रोजचे जगणे काही ऐषआरामाचे असते असे नाही. तिकडे तो बसचा चालक असेल, कारकून असेल, कारखान्यात मशीनवर असेल. त्याच्या देशात त्या पेन्शनवर एक खोली आणि थंडीत हिटर एवढेच भागले असते. इथे त्याच पैशात भाड्याचे घर, मोटारसायकल, बाजारातले गरम जेवण, कपडे धुवायला बाई असे सगळे होते. दर नव्वद दिवसांनी पत्ता कळवायचा, वर्षाला परवानगी वाढवून घ्यायची. जमीन त्याच्या नावावर होत नाही. परदेशी माणसाला जमीन घेण्यास तिथला कायदा मनाई करतो. फ्लॅट घेता येतो, पण एका इमारतीच्या एकूण क्षेत्राच्या ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी लोकांची मालकी चालते. २००२ पासून थायलंडने आपल्या नागरिकांसाठी जवळजवळ मोफत उपचारांची सोय केली आहे, पण ती नागरिकांसाठी. हा आजारी पडला तर खिशातूनच खर्च.

त्यात इंग्रज पेन्शनरची आणखी एक अडचण. इंग्लंडची सरकारी पेन्शन तिथे राहणाऱ्याला दरवर्षी वाढून मिळते. फिलिपिन्समध्ये जाऊन राहिला तरी वाढते. थायलंडमध्ये मात्र वाढत नाही, आणि भारतातही नाही. ज्या दिवशी पहिली पेन्शन तिथे हातात पडली, तोच आकडा मरेपर्यंत. पासष्टाव्या वर्षी जो गावात श्रीमंत, तो पंच्याऐंशीव्या वर्षी महिन्याचा हिशेब जुळवत बसतो, कारण मधल्या वीस वर्षांत तांदूळ, भाडे, औषध सगळेच वाढलेले असते.

यांतले बरेच जण ईसान भागात, म्हणजे थायलंडच्या ईशान्येला राहतात. तो भाग आपल्या वऱ्हाडाची आठवण करून देणारा: शेती पावसावर, तरुण पोरे कामासाठी राजधानीच्या वाटेला लागलेली, गावात म्हातारे आणि लहान मुले. तिथल्या बाईशी लग्न करून हा माणूस गावात घर बांधतो. जमीन बायकोच्या नावावर. लग्नात मुलीच्या आईवडिलांना रक्कम देण्याची तिथे रीत आहे. (आपल्याकडे जावई घेतो, तिकडे जावई देतो. आपल्या मुलींच्या वडिलांनी हे वाचून उसासा टाकला तर आम्ही समजू शकतो.) पुढे सासूचे आजारपण येते, मेहुण्याची मोटारसायकल येते, भाच्याची फी येते. हा वैतागतो. मी काय बँक आहे का, म्हणतो. घरच्यांना त्याच्या वैतागाचेच नवल वाटते. तो जावई आहे. ज्याच्याकडे आहे त्याने करायचे, उद्या दुसऱ्याकडे असेल तेव्हा तो करील. त्यांच्या लेखी हा व्यवहार नाही, नाते आहे. त्याच्या लेखी नाते बायकोशी; बाकीच्यांशी ज्याचे त्याचे दाम चुकते करण्याचा संबंध.

बरोबर कोण? फसवणूक तिथेही होते, लुबाडले गेलेले म्हातारेही आहेत, ते सोडून देऊ. सरळ माणसांपुरते बोलायचे तर आमचा कौल घरच्यांच्या बाजूने आहे. कारण ज्या स्वस्ताईसाठी हा तिथे आला, ती स्वस्ताई आभाळातून पडलेली नाही. भाजी स्वस्त आहे कारण पिकवणाऱ्याला थोडे मिळते. बाई स्वस्त आहे कारण तिला दुसरे काम नाही. सासूचा दवाखाना आणि मेहुण्याची बेकारी यांच्यामुळेच त्याचे ‘परवडते’ झाले आहे. स्वस्ताईचा फायदा घ्यायचा आणि ती ज्या अडचणीतून आली ती अडचण दाराशी आली की ‘माझा काय संबंध’ म्हणायचे, हे दोन्ही एका तोंडाने बोलता येत नाही.

आपल्या वऱ्हाडात असे परदेशी पेन्शनर दिसत नाहीत. भारतात निवृत्तांसाठी वेगळा व्हिसाच नाही. पण परदेशी पेन्शनरांशी वऱ्हाडाचा संबंध मुळीच आला नाही असे मात्र नाही. तो उलट्या दिशेने आला. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८७० साली गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो खामगावला आले आणि कापसासाठी बांधलेला रेल्वेचा फाटा सुरू झाला. कापूस मुंबईमार्गे विलायतेला जाऊ लागला आणि राज्यकारभार करणारे साहेबही मुदत संपली की विलायतेलाच जात. त्यांनी वऱ्हाडात म्हातारपण काढले नाही, पण त्यांची पेन्शन हिंदुस्थानच्या तिजोरीतून जात असे. इंडियन सिव्हिल सर्व्हिसच्या निवृत्त अधिकाऱ्याला वर्षाला १,००० पौंड, कलेक्टर म्हणून निवृत्त होवो की त्याहून वरच्या पदावरून. १९०१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दादाभाई नौरोजींनी ज्या संपत्तीच्या ओघाचा हिशेब मांडला, त्यात या पेन्शनींचाही वाटा होता. दादाभाईंचा मुद्दा आम्हाला इथे महत्त्वाचा वाटतो. साहेबाने प्रामाणिकपणे नोकरी केली असेल, पगार खाल्ला असेल, लाच खाल्ली नसेल. पण जो पैसा इथल्या मातीतून निघाला तो इथे फिरला नाही. इथल्या सुताराला, शिंप्याला, वैदूला त्यातून काही मिळाले नाही.

त्या मानाने थायलंडमधला म्हातारा बराच म्हणायचा. तो पैसा बाहेरून आणतो आणि तिथे खर्च करतो. मग आमची तक्रार काय?

याचे उत्तर शोधताना आम्हाला सेवाग्राम आठवते. अमरावतीहून वर्धा फार लांब नाही, आपल्यापैकी पुष्कळांनी तो आश्रम पाहिला असेल. इंग्रज आरमारी अधिकाऱ्याची मुलगी मॅडेलिन स्लेड १९२५ साली भारतात आली आणि मीराबेन झाली. वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात गांधीजींच्याही आधी ती राहायला गेली होती. १९३६ साली गांधीजी तिथे आले आणि पुढे त्याच गावाचे सेवाग्राम झाले. तिथल्या पहिल्या झोपडीचा खर्च शंभर रुपयांच्या वर जाऊ नये असा गांधीजींचा आग्रह होता. गावाला जे परवडते त्यातच राहायचे. पण सरोजिनी नायडू थट्टेने म्हणत असत असे सांगतात, की या महात्म्याला गरिबीत ठेवायला किती खर्च येतो याची त्यांना कल्पना नाही! थट्टा असली तरी त्यात तत्त्वज्ञानाचा मोठा प्रश्न आहे. बाहेरून आलेला माणूस गावाइतके कमी खर्चात राहू लागला म्हणजे तो गावातला झाला का? त्याच्या मागे परतीची वाट असते. त्याचा उपवास त्याने निवडलेला असतो, शेजाऱ्याचा उपवास निवडलेला नसतो. १९५९ साली मीराबेनने भारत सोडला आणि ती ऑस्ट्रियात राहिली. १९८२ साली तिथेच वारली. यात तिला उणे ठरवण्याचा आमचा हेतू नाही. तिने जे दिले ते मोठे आहे. पण तिला जाता आले. शेगावच्या बाईला कुठे जाता आले असते?

तेव्हा कमी खर्चात राहणे किंवा जास्त खर्च करणे, एवढ्यावर याचा निकाल लागत नाही. बाजारभावाने पैसे मोजले म्हणजे झाले असेही नाही. हे दुसरे म्हणणे जरा उलगडून सांगतो.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी योग्य किमतीचा विचार केला आहे. विकणाऱ्याने घेणाऱ्याची गरज पाहून भाव वाढवू नये असे ते सांगतात, कारण घेणाऱ्याची नड ही काही विकणाऱ्याची वस्तू नाही. ती तो विकू शकत नाही. सेमिनरीत हा भाग शिकताना आमच्या वर्गात यावर बराच वाद झाला होता, कारण हीच गोष्ट उलटी केली तर काय होते? विकणाऱ्याची नड पाहून घेणाऱ्याने भाव पाडावा का? संध्याकाळ झाली, इतवारा बाजारात सांभाराच्या जुड्या सुकू लागल्या, बाईला शेवटची एसटी गाठायची आहे, आणि आपण म्हणतो, दहाच्या दोन दे. ती देते. राजीखुशीने देते, असे आपण म्हणतो. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात मजुरीविषयी नेमके हेच हेरले होते. दोघे कबूल झाले म्हणून मजुरी न्याय्य होत नाही. काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचे त्यात भागले पाहिजे. नड असलेल्या माणसाची कबुली ही पुरी कबुली नसते.

हे फक्त धर्मपंडितच म्हणतात असे नाही, आपला कायदाही म्हणतो. मेळघाटातल्या कोरकू शेतकऱ्याची जमीन आदिवासी नसलेल्या माणसाला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून घेता येत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत १९७४ साली ही तरतूद आली. किंमत चांगली दिली, कोरकू राजी आहे, कागदावर अंगठा द्यायला तयार आहे, तरी नाही. चिखलदऱ्याची हवा आवडली म्हणून निवृत्तीनंतर तिकडे घर बांधावे असे पुष्कळांच्या मनात येते; त्यांना हा कायदा आडमुठा वाटतो. आम्हाला तो शहाणा वाटतो. दहा लाखांची गरज असलेला आणि दहा लाख सहज देऊ शकणारा यांच्यात जो सौदा होतो, त्यात एकाची जमीन कायमची जाते आणि दुसऱ्याची फक्त ठेव कमी होते. थायलंडने परदेशी माणसाला जमीन नाकारली त्यामागेही बाहेरच्या पैशाची ही भीती दिसते. भाड्याने राहा, जेवा, लग्न करा, पण पायाखालची माती विकत घेऊ नका.

याच न्यायाने दोन भावही येतात. थायलंडच्या राष्ट्रीय उद्यानांत परदेशी माणसाला नागरिकापेक्षा कितीतरी जास्त तिकीट पडते आणि तिथले परदेशी पेन्शनर यावर फार चिडतात. आम्ही इथेच राहतो, मग आम्हाला वेगळा भाव का, असे त्यांचे म्हणणे. आपल्या शेजारच्या अजिंठ्याला आपल्याला ४० रुपये आणि परदेशी पाहुण्याला ६०० रुपये. सरकारने फलक लावून घेतलेले जास्त पैसे आम्हाला गैर वाटत नाहीत. रिक्षावाल्याने तोंड पाहून घेतलेले मात्र गैर वाटतात. फरक पैशाचा नाही, सांगून घेण्याचा आहे.

आता आपल्या दाराशी येऊ. ज्यांना सरकारी पेन्शन आहे त्यांना ती महिन्याला तीस, चाळीस, पन्नास हजार मिळते. २००५ च्या नोव्हेंबरनंतर राज्य सरकारच्या नोकरीत लागलेल्यांची ही जुनी पेन्शन बंद झाली आणि तिच्यासाठी २०२३ च्या मार्च महिन्यात मोठा संप झाला, तो आपल्या लक्षात आहे. खाजगी कारखान्यांतून, सूतगिरण्यांतून निवृत्त झालेल्यांच्या ईपीएस-९५ योजनेत किमान पेन्शन २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. त्यासाठी २०१८ च्या अखेरीस बुलढाण्यात म्हाताऱ्यांनी साखळी उपोषण सुरू केले होते. आणि ज्यांना काहीच नाही, त्यांच्यासाठी श्रावणबाळ योजनेचे महिना १,५०० रुपये. थायलंडच्या म्हाताऱ्याचे ६०० बाट तेवढेच होतात, हे आकडे मांडताना आमच्या लक्षात आले. म्हणजे परदेशी माणूस आणि गाववाला ही जोडी पाहायला विमानात बसण्याची गरज नाही. पेन्शन ‘तिकडची’ असते ती फक्त विलायतेची नसते. मुंबईच्या तिजोरीतून, दिल्लीच्या तिजोरीतून, दुबईत किंवा अमेरिकेत असलेल्या मुलाच्या पगारातून जो पैसा येतो, तोही इथल्या पावसावर, इथल्या कापसाच्या भावावर अवलंबून नसतो. दुष्काळ पडला तरी १ तारखेला तो येतो. आपल्या भोवतीच्या बहुतेकांचे सगळे जगणे त्याच पावसावर टांगलेले असते. त्या अर्थाने पेन्शनवाले घर हे गावात राहूनही थोडे परदेशी असते.

यावर एक आक्षेप आम्ही नेहमी ऐकतो आणि तो खोटा नाही. ‘फादर, आम्ही जास्त दिले तर भाव बिघडतो. मग शेजारच्यांना बाई ठेवणे परवडत नाही.’ गोव्यात हेच मोठ्या प्रमाणावर घडले; बाहेरचा पैसा आला, भाडी चढली आणि तिथल्याच माणसाला घर मिळेना. पण नीट पाहिले तर दोन गोष्टी वेगळ्या आहेत. घराचे भाडे चढले की गरिबाचे जाते. मजुरी चढली की गरिबाकडे येते. पहिल्याबद्दल काळजी करावी. दुसऱ्याबद्दल काळजी करणारा बहुधा स्वतःचीच काळजी करत असतो. तरीही नुसता दर वाढवून प्रश्न सुटतो असे आम्हाला वाटत नाही. थायलंडमधले घरचे लोक जावयाकडे भाजीला जास्त भाव मागत नव्हते. वाईट महिन्यात आमचा तुमच्यावर काही हक्क आहे का, एवढेच ते विचारत होते.

हा हक्क कुठवर जातो? सगळ्या गावाचे दवाखाने एका पेन्शनीतून होणार नाहीत, आणि म्हाताऱ्या माणसाला स्वतःच्या शेवटच्या आजारासाठी चार पैसे ठेवावेच लागतात. ते पाप नाही. उलट उद्या मुलांवर किंवा शेजाऱ्यांवर सगळा भार टाकणे बरे नव्हे. आमच्या मते हक्काची सुरुवात तिथून व्हावी, ज्यांच्या कमी मजुरीमुळे आपली पेन्शन पुरते. जी आपली भांडी घासते, जो आपला गहू दळून घरपोच आणतो, जी पायरीशी येऊन भाजी देते. यादी लांब नाही. प्रत्येकाला आपली करता येईल.

गेल्या डिसेंबरात आपल्यातल्याच एका घरी हा प्रश्न अगदी साध्या रूपात निघाला. नवरा निवृत्त, दोघेच घरात. धुणीभांडी करणारी बाई नऊ दिवस आली नाही. कापूस वेचायला गेली होती. यंदा वेचाईचा भाव बरा होता, आणि वेचणी काही वर्षभर नसते. महिना संपला तेव्हा तिचे नऊ दिवसांचे खाडे कापायचे की नाही, यावरून नवराबायकोत वाद झाला आणि आम्ही घरभेटीला गेलो तेव्हा तो आमच्यापुढे आला. बाईसाहेबांचे म्हणणे, काम केले नाही तर पैसे कसले; मीच नऊ दिवस थंडीत भांडी घासली. तेही खरेच होते, त्यांचे हात आम्हाला दिसत होते. नवऱ्याने एवढेच विचारले, की आपण दोघे जानेवारीत पंधरा दिवस मुलाकडे पुण्याला जातो, तेव्हा आपल्या पेन्शनीत खाडा पडतो का?

आम्ही त्यांना निवाडा दिला नाही, मागितलेलाही नव्हता. चहा झाला. शेवटी नऊपैकी चार दिवस कापायचे ठरले. चारच का, हे दोघांनाही सांगता आले नाही. तेवढ्यात बाई आली. वावरातून येताना तिने तुरीच्या शेंगा आणल्या होत्या, चांगल्या पायलीभर. त्या तिने ओट्यावर ठेवल्या आणि भांड्यांना लागली.

— आपले धर्मगुरू